बोर्स्टल म्हणजे रिमांड होम नव्हे

प्रश्न : 'द लोन्लीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर' (१९६२) या ब्रिटिश चित्रपटाबद्दल मराठीत लिहिताना कुणी नायकाला 'रिमांड होम'मध्ये टाकतं, कुणी 'बालसुधारगृहात', तर कुणी सरळ 'तुरुंगात'. मूळ शब्द 'बोर्स्टल' आहे. तो 'हॉस्टेल'वरून आला का? मराठीत नेमकं काय लिहावं?

उत्तर : रिमांड होम तर मुळीच लिहू नये. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुलाला जिथे ठेवतात ते रिमांड होम, आजच्या कायद्यात निरीक्षणगृह. बोर्स्टल ही तरुण गुन्हेगारांना सुधारण्यासाठीची ब्रिटिश संस्था; तिथे गेलेल्याचा निकाल लागून शिक्षा झालेली असे. 'बालसुधारगृह' कानाला बरं वाटतं, पण बोर्स्टलमधली मुलं 'बाल' नव्हतीच. १९०८च्या ब्रिटिश कायद्यात वयाची अट १६ ते २१ अशी होती. त्याहून लहानांसाठी वेगळ्या संस्था होत्या, १९३३नंतर त्यांना अप्रूव्हड स्कूल म्हणू लागले. तरीही बोर्स्टलवरच्या 'स्कम'सारख्या (१९७९) ब्रिटिश चित्रपटावर लिहिताना 'बालगुन्हेगारांची कहाणी' हे शब्द हटकून येतात. पडद्यावरच्या त्या दाढी फुटलेल्या पोरांत 'बाल' कोण दिसतो, हे लिहिणाऱ्यांनी एकदा सांगावंच.

हॉस्टेलशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. हॉस्टेल लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. बोर्स्टल हे जुन्या इंग्रजीतलं अस्सल गावठी नाव आहे, आणि ते खरोखरच एका गावाचं आहे. केंट परगण्यात, रॉचेस्टरजवळ मेडवे नदीच्या वरच्या चढावर हे गाव आहे. चॅटमच्या आरमारी गोदीच्या रक्षणासाठी तिथे किल्ले बांधायचे होते, त्या कामावर जुंपलेल्या कैद्यांसाठी १८७०च्या दशकात इथे तुरुंग झाला. पुढे १८९५ साली तुरुंगांची चौकशी करणाऱ्या ग्लॅडस्टन समितीने तरुण कैद्यांना मुरलेल्या कैद्यांपासून वेगळं ठेवायची शिफारस केली, आणि १९०२मध्ये तुरुंग आयोगाचे प्रमुख एव्हलिन रगल्स-ब्राइज यांनी याच तुरुंगात तो प्रयोग मांडला. १९०८च्या कायद्याने त्याला कायमचं रूप आलं. तेव्हापासून संस्था देशात कुठेही असो, तिला बोर्स्टल म्हणू लागले.

आता व्युत्पत्ती, कारण खरी मौज तिथेच आहे. शब्दाचा उत्तरार्ध 'स्टेआल', म्हणजे जागा. इंग्रजीतला 'स्टॉल' तोच, आणि आपल्या 'स्थळा'चा तो लांबचा भाऊ. याबद्दल फारसं दुमत नाही. भांडण आहे ते पूर्वार्धाबद्दल. बरेच स्थलनामकोश तिथे 'बोर्ग' धरतात. बोर्ग म्हणजे हमी, संरक्षण. उसनं घेणं या अर्थाचा 'बॉरो' त्यातूनच आला. म्हणून ते बोर्स्टलचा अर्थ 'आसऱ्याची जागा' असा देतात. मला हा अर्थ पटत नाही. कोशकार अक्षरं पाहतात आणि जमीन पाहायची विसरतात. ससेक्सच्या बोलीत 'बोस्टल' म्हणजे टेकडीवर चढणारी उभी वाट. लंडनच्या आग्नेयेला बोस्टॉल हिल आहे, तोही चढच. केंटमधलं गावही चढावर. तिन्ही ठिकाणी चढ आहे, आसरा एकाही ठिकाणी दाखवता येत नाही. तेव्हा पूर्वार्धात 'बेओर्ग', म्हणजे टेकडी, हाच शब्द असला पाहिजे. जर्मन गावांच्या नावातला 'बेर्ग' तो हाच. त्याच्या मुळाशी 'उंच' या अर्थाचा जो धातू आहे, त्यातून संस्कृतातला 'बृहत्' आला, आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'हरा बेरेझइती' हा पर्वतही, ज्याला आज इराणात अल्बुर्झ म्हणतात. माझा तर्क खरा असेल, तर केंटमधल्या त्या तुरुंगाच्या नावात 'बृहत्' आणि 'स्थळ' शेजारी शेजारी बसलेत. 'बोर्ग' घेतला की हे नातं तुटतं, कारण रक्षण करण्याचा तो धातू वेगळा मानतात. 'जुन्या लेखनात स्वर ओ आहे, एओ नाही' हा कोशकारांचा मुख्य आक्षेप. पण गावांच्या नावातला स्वर शतकानुशतकं जागेवर बसून राहतो, असं कुणी सांगितलं?

गावाचं नाव संस्थेला चिकटणं आपल्याला नवं नाही. मुंबईत 'त्याला डोंगरीला टाकलं' म्हटलं की वस्ती कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, तिथलं मुलांचं सुधारगृह येतं. आणि डोंगरी म्हणजे काय? टेकडीच. बोर्स्टलबद्दलचा माझा तर्क खरा असेल, तर दोन देशांत बिघडलेल्या पोरांना ठेवायच्या जागेला टेकडीचं नाव मिळालं. योगायोग असेल, पण असा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

'तुरुंग' का नको, तेही सांगतो. तुरुंगात शिक्षेची तारीख ठरलेली असते, बोर्स्टलमध्ये ती नसे. शिक्षेचं अधिकृत नाव 'बोर्स्टल ट्रेनिंग', आणि आतल्या मुलाला म्हणत 'ट्रेनी'. १९४८च्या कायद्याप्रमाणे कमीत कमी नऊ महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. या दोन्हींच्या मधली सुटकेची तारीख मुलाच्या वागणुकीवर आणि वरिष्ठांच्या मतावर ठरे. सुटल्यावरही देखरेख असे, वागणूक बिघडली तर परत आत. 'लोन्लीनेस'चा नायक कॉलिन स्मिथ याने संस्थेच्या प्रमुखाला खुश ठेवणं किती मोलाचं आहे, ते हा नियम कळला तरच समजतं. शर्यत जिंकून चषक मिळवून दिला तर आतला प्रत्येक दिवस सोपा होणार आहे. टॉम कोर्टनीने उभा केलेला हा नॉटिंगहॅमचा मुलगा सगळ्यांच्या पुढे असताना शेवटच्या रेषेआधी थांबतो, तेव्हा तो नुसती शर्यत सोडत नाही, ती सवलतही भिरकावून देतो. ठरलेल्या तारखेच्या तुरुंगात या थांबण्याला एवढी किंमत पडली नसती.

शर्यत पब्लिक स्कूलच्या, म्हणजे श्रीमंतांच्या निवासी शाळेच्या मुलांशी असते, त्यालाही कारण आहे. १९२०च्या दशकात तुरुंग आयुक्त अलेक्झांडर पॅटरसन यांनी बोर्स्टलला याच शाळांचा साचा दिला : हाउस, हाउसमास्टर, मेट्रन, खेळांच्या चुरशी. १९३०मध्ये लंडनजवळच्या फेल्टम बोर्स्टलमधून मुलं आणि कर्मचारी पायी नॉटिंगहॅमशायरला गेले आणि लाउडहॅम ग्रेंजला कुंपणभिंतीवाचून बोर्स्टल उभारलं. म्हणून स्मिथ एकटा रानातून धावायला जातो ते दृश्य वास्तवाला धरून आहे, दिग्दर्शक टोनी रिचर्डसनने घेतलेली सूट नव्हे.

भाषांतरात आणखी ठेचा लागतात. 'गव्हर्नर'चं 'राज्यपाल' करू नका. मायकल रेडग्रेव्हचं पात्र संस्थेचं अधीक्षक आहे. सुटकेनंतरच्या 'लायसन्स'ला 'परवाना' म्हणू नका, 'देखरेखीखालची सुटका' म्हणा. अभिवचन रजा (पॅरोल) आणि संचित रजा (फर्लो) हे शब्दही तिथे चालत नाहीत, कारण रजेवर गेलेल्याला परत यावंच लागतं. 'स्कम'मधला 'डॅडी' म्हणजे बाप नव्हे. बरॅकमध्ये ज्याचा शब्द चालतो तो. रे विन्स्टनचा कार्लिन मारामारी करून ती जागा बळकावतो. मराठीत त्याला 'दादा' हा नेमका शब्द तयार आहे, तो सोडून 'पप्पा' लिहिण्यात काय अर्थ?

आणि मूळ शब्द? तो 'बोर्स्टल'च ठेवा. १९२९चा मुंबईचा बोर्स्टल शाळा कायदा आहे, म्हणजे शब्द आपल्याकडे येऊन शतक होत आलं. पहिल्या उल्लेखाला 'शिक्षा झालेल्या सोळा ते एकवीस वयाच्या मुलांची कोठडीशाळा' एवढी जोड पुरे. फक्त साल सांभाळा : इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२च्या कायद्याने बोर्स्टल रद्द झालं, त्याच्या जागी 'यूथ कस्टडी' आली. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या चित्रपटातला मुलगा बोर्स्टलमध्ये जाऊच शकत नाही.