तीन पाळ्या आणि कॅटचा पेपर

पुणे, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: नोकरी सांभाळून कॅटसाठी, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेसाठी, रोज किती तास बसू? चाकणच्या प्लांटमध्ये दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाला ‘रोज’ असं काही नसतंच. त्यामुळे रोजचे तास ठरवू नकोस, तीन आठवड्यांचं एक चक्र धर. त्या चक्रात तुझं डोकं कधी ताजं असतं आणि कधी नुसतं उघडं असतं, हे आधी कागदावर मांड. ताज्या वेळेत गणित आणि डीआयएलआर (आकडेवारी आणि तर्काचे प्रश्न), उरलेल्या वेळेत वाचन आणि चुकांची वही. बाकीचं पत्र याच वाटणीबद्दल आहे.

तू दिलेल्या वेळांवरूनच हिशेब करतो. पहिली पाळी साडेसहा ते तीन. निगडीहून पहाटे बस पकडायची म्हणजे सकाळी काही होणार नाही, तो प्रयत्नही करू नकोस, बसमध्ये झोप. साडेचारला घरी आलास की चाळीस मिनिटं आडवा हो, गजर लावून. साडेपाच ते साडेसात हे दोन तास चांगले मिळतात. दुसरी पाळी तीन ते साडेअकरा. रात्री साडेबाराला घरी, आठला उठणं, आणि नऊ ते बारा सलग तीन तास. हा तुझा सोन्याचा आठवडा आहे. नवे धडे आणि मॉक (पूर्ण सराव परीक्षा) यातच टाक. या आठवड्यात पहाटे पाचला उठून अभ्यास करण्याचा पराक्रम नको, झोप तुटली की दुपारी शॉप फ्लोअरवर त्याची किंमत मोजावी लागते. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही उघडू नकोस. दुपारी तीनपर्यंत झोप, पूर्वी चुकलेली गणितं संध्याकाळी तासभर पुन्हा सोडव, बस.

पहिल्या पाळीचे बारा तास, दुसरीचे अठरा, रात्रपाळीचे सहा आणि तीन गुरुवारच्या सुट्ट्यांचे पंधरा. एका चक्राला एक्कावन्न. नोव्हेंबरअखेरपर्यंत अशी आठ चक्रं बसतात. ओव्हरटाइम, ताप, लग्नं आणि पालखीच्या दिवशी बंद झालेले रस्ते वजा केले तरी साडेतीनशे तास हाती लागतील. ते पुरतात. पण त्यातले शंभर तास मॉक आणि त्यांच्या चिरफाडीला लागणार, हे आजच बाजूला काढून ठेव. बहुतेक नोकरदार मुलं इथेच फसतात. ‘आधी सिलॅबस संपवू, मग मॉक’ म्हणता म्हणता ऑक्टोबर उजाडतो आणि सिलॅबस संपलेला नसतोच.

तुझी सुट्टी गुरुवारी असल्यामुळे शनिवार-रविवारच्या क्लासचे पैसे भरण्याआधी विचार कर. रेकॉर्डिंग बघू म्हणणाऱ्यांची रेकॉर्डिंगं साचतात. तुला वर्ग लागणार नाही, चांगली मॉक सिरीज मात्र लागेल. खर्च तिच्यावर कर. घरी बसणं जमत नसेल तर गुरुवारी नव्या पेठेतली किंवा सदाशिव पेठेतली एखादी अभ्यासिका गाठ. एमपीएससीची मुलं आजूबाजूला मान खाली घालून बसलेली असतात, त्याचाही उपयोग होतो. जुलैपासून संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, म्हणून सकाळची वेळ धर, आणि गणपतीचे दहा दिवस पेठांच्या वाटेला जाऊ नकोस.

आता पेपर. एकशेवीस मिनिटं, चाळीस-चाळीसचे तीन भाग: व्हीएआरसी (इंग्रजी वाचन), डीआयएलआर, क्वांट (गणित), याच क्रमाने. एका भागातून दुसऱ्यात आपल्या मर्जीने जाता येत नाही. २०२४ आणि २०२५ ला एकूण ६८ प्रश्न होते: २४, २२ आणि २२. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या पर्यायाला उणे १. जिथे उत्तर टाइप करायचं असतं तिथे उणे काही नाही. म्हणजे पेपर २०४ गुणांचा, आणि गेल्या काही वर्षांत निम्म्याहून कमी गुणांनाही ९९ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या पुढची जागा, मिळालेलं आहे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. डिप्लोमापासून सगळे प्रश्न सोडवायची सवय लागलेल्या इंजिनिअरला तो पचत नाही. सोडून देणं हेच इथलं मुख्य कौशल्य आहे, आणि ते दमलेल्या डोक्याला अजिबात जमत नाही. दमलेला माणूस एकाच प्रश्नाला चिकटून बसतो, कारण नवा प्रश्न वाचायला जास्त कष्ट पडतात.

अंदाज मारावा का, हेही तू विचारलंस. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तर चारांत एकदा +३, तीनदा −१, बेरीज शून्य. एक पर्याय खात्रीने उडवता आला तर सरासरीने प्रश्नामागे एक तृतीयांश गुण पदरात पडतो. म्हणून निदान एक पर्याय उडवता येत असेल तरच हात लाव. टाइप करायचे प्रश्न मात्र कोरे ठेवू नकोस.

क्वांटमध्ये तुझा पाया अंकगणिताचा असू दे. टक्केवारी, गुणोत्तर, मिश्रण, सरासरी, व्याज, काळ-काम, वेग-अंतर यांना पहिली दोन चक्रं दे. पेपरात सर्वात मोठा वाटा यांचाच असतो. मग बीजगणित: वर्गसमीकरणं, असमानता, लॉग, फंक्शन, श्रेढी. मग त्रिकोण आणि वर्तुळ. संख्यांचे गुणधर्म जाता जाता. क्रमचय-संचय सर्वात शेवटी, आणि नाही झालं तरी चालेल. इंजिनिअर मंडळी नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण टक्केवारी ‘सातवीची’ वाटते. मग परीक्षेत ३०% आणि ५०% ची दोन द्रावणं मिसळून ४५% करायला x आणि y मांडून दीड मिनिट घालवतात. तेच अंतरं बघून होतं: ४५ पासून एक ५ वर, दुसरं १५ वर, म्हणजे ३०% चं एक माप आणि ५०% ची तीन. दहा सेकंद. एक सप्तमांश म्हणजे १४.२८%, एक अकरांश ९.०९%, एक तेरांश ७.६९% हे तोंडपाठ असू दे. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, पण त्याची बटणं माउसने दाबावी लागतात. तो फक्त आकडेवारीच्या प्रश्नांतल्या आडमुठ्या भागाकारांना ठेव.

परीक्षेत क्वांटचे चाळीस मिनिटं दोन फेऱ्यांत घे. पहिल्या पंचवीस मिनिटांत बावीसही प्रश्न नजरेखालून गेले पाहिजेत. दोन मिनिटांत सुटेल असं दिसलं तरच हात घाल, नाहीतर मार्क करून पुढे. उरलेल्या पंधरात मार्क केलेल्यांकडे परत ये. सोपे प्रश्न शेवटी दडलेले असतात, आणि सातव्यावर अडकलेला मुलगा विसाव्यापर्यंत पोचतच नाही.

डीआयएलआरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नोकरदारांचं पर्सेंटाइल सहसा इथेच कोसळतं. बावीस प्रश्न पाच सेटमध्ये येतात, म्हणजे एकाच माहितीवर चार-पाच प्रश्न. पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून पाचही सेट वाच. कोणता निवडायचा? ज्यात अटी ठोस आहेत, टेबल काढता येतं आणि निदान एक प्रश्न ‘अमुक असेल तर’ अशी जास्तीची माहिती देत नाही, तो आधी. सेट लांबलचक असला म्हणून घाबरू नकोस, लांब सेटमध्ये माहिती जास्त असते. चार ओळींचा सेट बहुतेक वेळा विषारी निघतो. दोन सेट पूर्ण आणि बिनचूक सुटले की आठ-दहा प्रश्न झाले. तिसरा जमला तर तुझा हा भाग उत्तम गेला. आठ मिनिटांत टेबलात एकही नवी नोंद झाली नसेल तर सेट सोड, आणि सोडताना मन तिथेच राहू देऊ नकोस. सरावाला दिवसाला दोन सेट, त्याहून जास्त नाही. पण न सुटलेला सेट उत्तर बघायच्या आधी दुसऱ्या दिवशी वेळ न लावता पुन्हा घे. उत्तर वाचून ‘अरे, सोपं होतं’ म्हणणं म्हणजे सराव नव्हे. रात्रपाळीत हा प्रकार करूच नकोस, उगाच वाटायला लागतं की आपल्याला लॉजिक जमत नाही.

इंग्रजीची भीती तुझ्या पत्रात दोनदा आली आहे. कॅटमध्ये व्याकरणाचे नियम किंवा सुटे शब्दार्थ सहसा विचारत नाहीत. चार उतारे, सोळा प्रश्न; उरलेले आठ परिच्छेदांची जुळवाजुळव, सारांश आणि वाक्याची जागा यांवर. उताऱ्याला सरासरी आठ मिनिटं धर, म्हणजे शेवटची आठ मिनिटं बाकीच्यांना राहतात. मराठी माध्यमातल्या मुलांना मी एक सांगतो: प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की त्याचा मथितार्थ पाच शब्दांत मराठीत लिहायचा. ‘आधी कौतुक, मग शंका’, ‘जुना समज खोडला’, एवढंच. लिहिता आलं नाही तर परिच्छेद समजलेला नाही, डोळे नुसते फिरले. परतीच्या बसमध्ये एऑनसारख्या इंग्रजी निबंधांच्या संकेतस्थळावरचा एक लेख वाच, तत्त्वज्ञान, जीवशास्त्र, कलेचा इतिहास असं मुद्दाम नावडतं निवड. उत्तरं चुकतात ती इंग्रजीमुळे कमी आणि बाहेरचं ज्ञान आत आणल्यामुळे जास्त. पर्याय जगात खरा असतो, पण लेखकाने ते म्हटलेलं नसतं.

मॉक ऑगस्टपासून घे: त्या महिन्यात तीन, मग आठवड्याला एक, नोव्हेंबरमध्ये सहा, शेवटचा परीक्षेच्या आठवडाभर आधी. फोनवर नको, लॅपटॉप, माउस आणि कोरे कागद. दोन तासांच्या मॉकला तीन तास चिरफाड. प्रत्येक प्रश्नापुढे किती वेळ गेला ते लिही आणि तीन ढीग कर: येत होते पण गाठलेच नाहीत, सोडवले पण चुकले, आणि येतच नव्हते. पहिल्या ढिगात निवडीचा दोष असतो. दुसऱ्यात वाचनाची चूक, आकडेमोडीची चूक, कल्पनेची चूक असं वेगळं लिही. तिसरा ढीग मुलांना सर्वात जास्त छळतो आणि तोच सर्वात कमी महत्त्वाचा. दोन मॉकमध्ये गुण घसरले तर आधी बघ, ते कोणत्या पाळीच्या आठवड्यात दिले होतेस.

परीक्षा गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, साडेआठ, साडेबारा आणि साडेचार अशा तीन स्लॉटमध्ये. स्लॉट आपल्याला निवडता येत नाही. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडमिट कार्ड आलं की कळतो. रविवार तुझा कामाचा दिवस आहे, आणि त्याआधीचा आठवडा रात्रपाळीचा आला तर सकाळच्या स्लॉटला तू अर्धा झोपेत बसशील. म्हणून आजच नोव्हेंबरपर्यंतच्या पाळ्या मोजून ठेव. रात्रपाळी येत असेल तर ऑक्टोबरमध्येच एखाद्या सहकाऱ्याशी अदलाबदल ठरव आणि परीक्षेआधीच्या चार-पाच पगारी रजा राखून ठेव. गणपतीत उधळू नकोस. सुपरवायझरला कारण ‘घरचं काम’ पुरे. कॅटचं नाव निघालं की तू मनाने नोकरी सोडलीस असं धरलं जातं.

कागदपत्रांचं काम मुलं शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. फॉर्म साधारण ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरता येतो. आरक्षणाचा लाभ घेणार असशील तर हे बघ: आयआयएम केंद्राची ओबीसी यादी आणि केंद्राचा नमुना धरतात. व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे राज्याचे प्रवर्ग, त्यांचे रकाने त्या फॉर्मवर नसतात. तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का ते तपास. राज्याच्या सीईटीला मात्र जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर दोन्ही लागतात. दाखल्यांचे अर्ज जुलैतच टाक.

कॅटबरोबर दोनच परीक्षा धर. डिसेंबरमधली स्नॅप, सिंबायोसिसच्या संस्थांसाठी: साठ मिनिटांत साठ प्रश्न, सगळा खेळ वेगाचा. लवळ्याचं एसआयबीएम आणि हिंजवडीचं एससीएमएचआरडी तिच्यावर मिळतात. आणि राज्याची एमबीए सीईटी, जिच्यावर मुंबईचं जमनालाल बजाज आणि आपल्या पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग, पुम्बा. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद, आणि उणे गुण नाहीत. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेले सगळे गोल भरून टाक. कॅटची तयारी झालेल्याला तिथे फक्त वेग आणि आकृत्यांचा सराव लागतो, फेब्रुवारीनंतर सहा आठवडे पुरतात. मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर गेली आहे. पुम्बाची तिच्या आसपासही नाही. घरी कर्जाचा विषय काढण्याआधी हा फरक समोर ठेव.

राहिला एक मुद्दा, जो तू विचारलाच नाहीस. मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिल, निकाल मेपर्यंत, वर्ग जूनमध्ये. नोटीस नव्वद दिवसांची असेल तर निकाल बघून राजीनामा दिल्यावर वेळ उरत नाही, आणि कामाच्या अनुभवाचा दाखला व रिलीव्हिंग लेटर तर संस्था मागतात. ट्रेनी म्हणून लागताना बाँडवर सही केली होतीस का, तेही आठव. अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीसचे दिवस, पैसे भरून ते कमी करायची सोय आणि बाँडची मुदत, या तीन गोष्टी वाच आणि येत्या गुरुवारी मला कळव. त्यावरून मुलाखतीच्या महिन्यांचं ठरवू.

तुझा,
सर