दात काढू की मुळाचं टोक कापून घेऊ?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनल होऊन ६ वर्षं झाली, आत पोस्ट (कॅपला आधार देणारी मुळातली काडी) आहे, वर कॅप आहे. हिरडीवर सारखी पुळी येते, पू जातो, गोळ्या घेतल्या की बसते आणि महिन्याभरात परत हजर. आमचे डॉक्टर म्हणतात मुळाचं टोक कापू, घरचे म्हणतात कशाला ते, दात काढ आणि इम्प्लांट बसव. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, घाईने दात काढू नका, एवढं आधी सांगते. गोळ्यांनी हे कायमचं का जात नाही, तर रूट कॅनल झालेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच नसतो, मग औषध तिथल्या जंतूंपर्यंत पोचणार कसं? एरवी मी आधी परत रूट कॅनल करा असंच म्हणते, पण तुमच्या दातात पोस्ट आहे आणि ती उपसताना मूळ तडकायची भीती असते, म्हणून कॅपकडून न जाता हिरडीतून, मुळाच्या टोकाकडून जायचं.

करतात काय, तर नेहमीचं भुलीचं इंजेक्शन देऊन हिरडी थोडी उचलतात, हाडात छोटी खिडकी करतात, आतली घाण खरवडतात आणि मुळाचं साधारण ३ मिमी टोक कापतात, म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा. तेवढंच का? कारण मुळाच्या आतल्या मुख्य नळीचे बारीक बारीक फाटे बहुतेक त्या शेवटच्या तुकड्यातच असतात आणि जंतू तिथेच लपतात. मग कापलेलं तोंड एमटीए नावाच्या सिमेंटने मागून बंद करतात आणि टाके घालतात.

मात्र एक गोष्ट आधी नक्की करून घ्या, मुळाला उभी चीर गेलीय का. एक्सरेत ती कित्येकदा दिसत नाही, हिरडीत एकाच जागी खोल आणि अरुंद खड्डा लागला तर शंका घ्यायची, गरज पडली तर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे दाताचा त्रिमितीय एक्सरे. चीर असेल तर मात्र दात वाचत नाही, तेव्हा मी स्वतःच काढा म्हणेन. शुगर असेल, रक्त पातळ व्हायच्या किंवा हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

नंतर २-३ दिवस ओठ सुजेल, पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, आणि आरशासमोर ओठ वर करून टाके बघत बसू नका हो, त्यानेच टाके सुटतात! हाड भरायला ६ महिने ते वर्ष लागतं, म्हणून दुखायचं थांबलं तरी वर्षाने एक्सरे काढाच.