आवड, प्राधान्य की कल?

पालकांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत आणणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. 'सेक्शुअल ओरिएंटेशन', म्हणजे माणसाला कुणाबद्दल ओढ वाटते ते, यासाठी त्यांना पाच प्रतिशब्द सापडले: लैंगिक आवड, लैंगिक प्राधान्य, लैंगिक प्रवृत्ती, लैंगिक अभिमुखता आणि लैंगिक कल. यातला कुठला घ्यावा? शिवाय 'समलिंगी' बरोबर की 'समलैंगिक'? आणि 'बायसेक्शुअल' व्यक्तीला 'उभयलिंगी' म्हटलं तर चालेल का?

ताई, 'लैंगिक कल' घ्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, पण या पाच शब्दांत नुसता चवीचा फरक नाही. चुकीचा शब्द पडला तर पत्रक वाचणाऱ्या आईवडिलांच्या मनात चुकीचीच गोष्ट उभी राहील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एखादा शब्द कसा आहे हे ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. तो कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतो ते बघायचं. प्राधान्य आपण देतो. पसंती कळवतो, पसंत करतो. आवड लागते, लावता येते, जोपासता येते; मुलाला वाचनाची आवड लावा असं आपण सहज म्हणतो. म्हणजे या शब्दांच्या मागे कुणीतरी काहीतरी करणारा आहे. त्याच्यासमोर दोन गोष्टी होत्या आणि त्याने एक उचलली. आता 'कल' घ्या. कल असतो. कल दिसतो, कळतो, ओळखावा लागतो. 'मी कल दिला' किंवा 'त्याने कल निवडला' असं मराठी माणूस बोलत नाही. आणि कुणाकडे ओढ वाटावी हे माणूस ठरवून करत नाही, हीच तर या विषयातली पहिली समजून घ्यायची गोष्ट आहे. आपण स्वतः कोणत्या दिवशी बसून ठरवलं की आपल्याला अमुकच लोक आवडतील? मुलाचा कल समलिंगी असल्याचं कळलेले पालक 'तू असं का निवडलंस?' असं विचारतात, तेव्हा ती चूक बरेचदा प्रेमाच्या अभावाची नसते, शब्दाची असते. 'प्राधान्य' हा शब्द ती चूक छापून देतो. इंग्रजीतही पूर्वी 'प्रेफरन्स' रूढ होता. निवडीचा अर्थ निघतो म्हणून मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने तो बाजूला ठेवून 'ओरिएंटेशन' वापरण्याचा आग्रह धरला.

'प्रवृत्ती'ची अडचण वेगळी आहे. संस्कृतात तो निर्मळ शब्द, पण आजच्या मराठीत त्याला संगत वाईट लागली आहे. गुन्हेगारी प्रवृत्ती, समाजविघातक प्रवृत्ती, अपप्रवृत्ती. वर्तमानपत्रात 'प्रवृत्ती' दिसली की पुढे निषेध येणार हे वाचकाला ठाऊक असतं. पत्रकात नको.

'अभिमुखता' मात्र मला मनापासून आवडतो, कारण मूळ शब्दाच्या तो सगळ्यांत जवळ आहे. 'ओरिएंट' म्हणजे लॅटिनमधली उगवती, पूर्व दिशा; ओरिएंटेशन म्हणजे आधी पूर्वेकडे तोंड असणं. आपला 'पूर्वाभिमुख' नेमका तेच सांगतो. पण 'तुझी अभिमुखता काय?' असं कुणी आपल्या लेकराला विचारील का? पाठ्यपुस्तकाला चालेल, घरात नाही.

'कल'वर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. त्याचा कल चित्रकलेकडे आहे, तिचा विज्ञानाकडे आहे, असं आपण म्हणतो. मुलांची कलचाचणी घेतात. निवडणुकीच्या मोजणीत सकाळचे कल दुपारी फिरतात. मग हा शब्द हलका, बदलता वाटत नाही का? मला वाटतं, त्यासाठी शब्दाचा मूळ अर्थ धरावा. कल म्हणजे उतार, झुकाव. शेताचा कल पूर्वेला आहे म्हणजे पाणी तिकडे जाईल. पाऊस पडलेला नसतो तेव्हाही जमिनीला कल असतोच. माणसाचंही तसंच आहे. लैंगिक कल म्हणजे कुणाबद्दल भावनिक, प्रेमाची, शारीरिक ओढ वाटते याचा टिकाऊ आकृतिबंध. प्रत्यक्ष संबंध आलेला असो वा नसो. आयुष्यात कुणाचा हात न धरलेल्या माणसालाही कल असतो. म्हणून वर्तन निराळं आणि कल निराळा. त्याशिवाय, आपण स्वतःला काय म्हणवतो ती ओळख तिसरीच. लग्न करून संसार थाटलेल्या माणसाचा कल समलिंगी असू शकतो, आणि तो स्वतःला कुठलंच नाव देत नसेल. पत्रकात या तिन्हींसाठी एकच शब्द वापरू नका. कल, वर्तन, ओळख: तिन्ही मराठीत तयार आहेत.

'कल'चा आणखी एक गुण म्हणजे तो कमीजास्त असू शकतो. किंचित कल, बराच कल. आल्फ्रेड किन्से या प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा अहवाल काढला, तेव्हा माणसांचे दोन कप्पे न करता ० ते ६ अशी मोजपट्टी केली. ० म्हणजे फक्त भिन्नलिंगी, ६ म्हणजे फक्त समलिंगी, मधे पाच पायऱ्या. कुठलीच ओढ वा संबंध नसलेल्यांसाठी त्याने 'एक्स' हे वेगळं अक्षर ठेवलं होतं. आज ही पट्टी अपुरी मानतात, पण मधल्या पायऱ्या आहेत हे तिने दाखवून दिलं. 'प्राधान्य' या शब्दाला अशा पायऱ्या चढता येत नाहीत. उताराला येतात.

एक सावधगिरी. तुमच्या मसुद्यात 'लैंगिक कल जन्मजात असतो' असं वाक्य आहे. चांगल्या हेतूने लिहिलंय, पण ते तसं ठाम लिहू नये. २०१९ साली जवळपास पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी वर्तनाशी जोडलेलं असं एकच एक जनुक सापडलं नाही; अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि बाकी इतर घटक, असं चित्र निघालं. 'कल निवडलेला नसतो आणि उपचाराने बदलता येत नाही' हे वाक्य लिहा. ते खरं आहे, आणि आईवडिलांना उपयोगाचंही तेच आहे. २०१२ साली पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या अमेरिका खंडांसाठीच्या शाखेने, अशा 'उपचारां'बद्दल स्पष्ट सांगितलं की जो आजारच नाही त्यावरचे हे इलाज आहेत आणि ते माणसाला अपाय करतात.

आता 'लैंगिक' या विशेषणाकडे. बिचाऱ्यावर फार ओझं आहे. लैंगिक समानता, लैंगिक छळ, लैंगिक शिक्षण, लैंगिक प्रजनन, लैंगिक कल. पहिल्यात त्याचा अर्थ स्त्री-पुरुष म्हणून समाजात मिळणारी वागणूक, चौथ्यात शुद्ध जीवशास्त्र. म्हणून 'जेंडर'च्या अर्थी 'लिंगभाव' वापरायची सवय लावली तर 'लैंगिक'चा भार हलका होईल. 'सेक्शुअॅलिटी'साठी 'लैंगिकता' ठीक आहे. जुना, देखणा शब्द होता 'काम', चार पुरुषार्थांपैकी एक. पण मराठीत त्याच उच्चाराचा दुसरा 'काम' आहे, 'कर्म'पासून प्राकृतातल्या 'कम्म'मार्गे आलेला, आणि रोजच्या व्यवहारात तोच जिंकला. इच्छेचा 'काम' उरला तो कामुक, कामवासना, कामांध अशा शब्दांत, नाक मुरडून. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयावर स्वच्छ मराठी लिहीत राहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साध्या शब्दांत उत्तर देण्याचीही किंमत मोजावी लागली होती, म्हणून आज तुम्ही शब्द इतक्या काळजीने विचारताय याचं मला फार मोल वाटतं.

'समलिंगी' की 'समलैंगिक'? मराठीत मुरलेला शब्द 'समलिंगी'. 'समलैंगिक' हिंदीच्या वळणाने आला. अशुद्ध नाही, पण गरज नाही. भाववाचक नाम करताना 'समलिंगिता', मधली वेलांटी ऱ्हस्व, 'उपयोगी'चं 'उपयोगिता' होतं तसं. उलट बाजूला 'विषमलिंगी'पेक्षा 'भिन्नलिंगी' बरा, कारण 'विषम'मध्ये उगीच कमीअधिकपणाचा वास येतो.

'समलिंगी'त 'लिंग' आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष थेट अवयवाकडे जातं, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती मला पटते. पण 'लिंग' म्हणजे मुळात खूण. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, धूर हे अग्नीचं लिंग, म्हणजे ज्यावरून ओळखायचं ते. गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखं आहे: कलाला असं बाहेरून दिसणारं लिंग नसतं. चालणं, बोलणं, कपडे यांवरून तो ओळखता येत नाही. शक्य असेल तिथे 'समलिंगी आकर्षण', 'समलिंगी प्रेम', 'समलिंगी जोडपं' असं लिहा. पुढचं नाम लक्ष योग्य जागी नेतं. 'समलिंगी' हे विशेषण म्हणूनच ठेवा. 'समलिंगींनी', 'समलिंगींचे' अशी ठोक मोट बांधू नका.

'होमोसेक्शुअल' या शब्दाचा जन्मही सांगायला हवा. तो कुठल्या डॉक्टरने घडवला नाही. कार्ल-मारिया केर्टबेनी या लेखकाने १८६९ साली प्रशिया या जर्मन राज्यातल्या, पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध पत्रकं लिहिली आणि त्यांत हा शब्द छापला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. बाजू मांडण्यासाठी जन्मलेला शब्द पुढे वैद्यकाने उचलला आणि रोगाच्या यादीत नेऊन बसवला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो १९७३ मध्ये यादीतून काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. त्याच्याच जोडीचा 'हेटरोसेक्शुअल'ही केर्टबेनीचाच, आणि त्याचंही सुरुवातीला काही धड नव्हतं. वेबस्टरच्या १९२३ सालच्या कोशात भिन्नलिंगी ओढीला रोगट वासना म्हटलं होतं. १९३४ च्या आवृत्तीत ती सामान्य झाली. माणसं तीच होती, अकरा वर्षांत कोशातली ओळ बदलली.

आता 'उभयलिंगी'. इथे मात्र थांबा, कारण हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर आहे. काही वर्षांपूर्वी मी एक भाषांतरित लेख तपासत होतो. त्यात 'उभयलिंगी व्यक्ती' असं दहा-बारा ठिकाणी होतं. छापण्याआधी नववीतल्या एका मुलीला वाचायला दिला. तिने पेन्सिलीने समासात लिहिलं, 'म्हणजे गांडुळासारखं का?' तिचं काहीच चुकलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असतं, जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं, म्हणजे नर आणि मादी दोन्ही अवयव एकाच जिवात. आपल्याला सांगायचं होतं ते अवयवांबद्दल नव्हतंच. स्त्री आणि पुरुष दोघांबद्दलही ओढ वाटू शकणाऱ्या माणसाबद्दल होतं. 'द्विलिंगी'चीही हीच गत. विशेष म्हणजे इंग्रजी 'बायसेक्शुअल'ही आधी वनस्पतिशास्त्रातच होता, फुलांसाठी. ओढीचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. इंग्रजीत नवा अर्थ इतका रुळला की जुना मागे पडला. मराठीत तसं झालेलं नाही. मी त्या लेखात सगळीकडे 'उभयलिंगी आकर्षण असलेली व्यक्ती' केलं, आणि जिथे वाक्य लांबत होतं तिथे सरळ 'बायसेक्शुअल' ठेवला. तुम्हीही तसंच करा.

'अलैंगिक' शब्दाचंही असंच: अमीबाचं अलैंगिक प्रजनन डोळ्यांपुढे येतं. 'लैंगिक आकर्षण न वाटणारी व्यक्ती' असं लिहा, शब्द पाच लागतात पण अर्थ एक राहतो. आणि 'तृतीयपंथी', 'ट्रान्सजेंडर' हे शब्द कलाच्या यादीत घालू नका. ते स्वतःची लिंगओळख सांगतात, ओढ कुणाची ते नाही. एखाद्या ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवलेल्या पण स्वतःची ओळख स्त्री असलेल्या व्यक्तीला, पुरुषांबद्दल ओढ वाटत असेल तर तिचा कल भिन्नलिंगी आहे.

शेवटी तुमच्या मसुद्यातलं पालकांना सुचवलेलं वाक्य. 'तुला एखादी मुलगी आवडते का, असं मुलाला मोकळेपणाने विचारा,' असं तुम्ही लिहिलंय. हेतू मोकळेपणाचा आहे, पण 'मुलगी' म्हणताच प्रश्नाचं अर्धं उत्तर आपणच देऊन टाकतो. ज्याला मुलगा आवडतो त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात, खोटं बोलणं किंवा 'नाही' म्हणून गप्प बसणं. मराठीत यावर फार सुंदर सोय आहे. दारावर थाप पडली आणि कोण ते ठाऊक नसलं की आपण म्हणतो, 'कुणी आलंय का बघ.' आला नाही, आली नाही, आलं. न कळलेल्या माणसासाठी आपलं नपुंसकलिंग किती अदबीने जागा मोकळी ठेवतं! तेच इथे वापरा: 'तुला कुणी आवडतं का?' पुढच्या गप्पांत 'जोडीदार' आला तर त्याला विभक्ती लावा, म्हणजे 'तुझा' की 'तुझी' हा पेचच येत नाही: 'तुझ्या जोडीदाराबद्दल सांग ना.' पत्रकातलं वाक्य असं बदला. मुलगा किंवा मुलगी जे उत्तर देईल त्यातलं लिंग, 'आवडतो' की 'आवडते', ते त्यांच्या तोंडून येऊ दे.