नोटरीचा फारकतीचा कागद आहे, कोर्टाचा हुकूम (डिक्री) नाही. दुसरं लग्न करता येईल का?

"दोघांनी राजीखुशीनं कागद केलाय, दोन्हीकडच्या पाच-पाच माणसांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. मग आता मुलीचं लग्न करायला अडचण काय?" कौटुंबिक सल्ला केंद्रात हा प्रश्न कायम येतो. बहुतेक वेळा तो स्थळ पक्कं झाल्यावर येतो, आणि कधीकधी पत्रिका छापून झाल्यावर. इथे एका प्रकरणाच्या आधारे त्याचं उत्तर देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि एकसारख्या प्रकरणांतल्या काही गोष्टी एकत्र केल्या आहेत.

मुलगी तिशीच्या आतली, बारावीनंतर नर्सिंगचा कोर्स केलेली, खासगी दवाखान्यात नोकरीला. लग्न २०१७ चं, गावच्या मंगल कार्यालयातलं, नोंदणी न केलेलं. २०२१ च्या दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. मूल नाही. २०२२ मध्ये दोन्हीकडची मंडळी बसली आणि शंभराच्या स्टॅम्पवर फारकतनामा झाला: ‘आजपासून आमचा एकमेकांशी पती-पत्नी म्हणून संबंध राहिला नाही, दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत, पोटगी मागणार नाही.’ काही दागिने परत आले, काही ‘नंतर देतो’वर राहिले. आता एका बिजवराचं स्थळ आलं होतं. त्याची बायको आजारपणात गेलेली, माणूस सरळ. त्याच्या बहिणीनं मात्र नेमकी गोष्ट मागितली: कोर्टाची डिक्री दाखवा. मुलीचा भाऊ चिडला होता तो त्यावरच.

त्या बहिणीचं बरोबर होतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. त्याखाली झालेलं लग्न मोडायचा अधिकार न्यायालयाचा आहे. नवरा-बायकोनं आपसात लिहून दिलेला कागद हा त्यांच्यातला करार ठरतो, आणि करारानं लग्न संपत नाही. स्टॅम्प शंभराचा असो की हल्लीचा पाचशेचा, फरक पडत नाही. नोटरी फक्त सह्या याच माणसांनी केल्या एवढं सांगतो. नोटरींनी लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असं केंद्राच्या विधी विभागानं २०२४ मध्ये लेखी बजावलेलं आहे. तरीही तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबलावर हे कागद आजही तयार मिळतात, टाइप केलेल्या नमुन्यात फक्त नावं भरायची.

भावाचा पुढचा मुद्दा होता, "आमच्यात काडीमोड चालतो. आजीच्या वेळेपासून चालत आलंय." याला मात्र उडवून लावता येत नाही. कायद्याच्या कलम २९(२) नं रूढीनं मिळालेला घटस्फोटाचा हक्क शाबूत ठेवला आहे. पण रूढी आहे असं म्हणणं आणि ती कोर्टात सिद्ध करणं यात फार अंतर आहे. ती जुनी, सलग पाळली गेलेली, निश्चित आणि वाजवी असल्याचं त्या समाजातली ठोस उदाहरणं देऊन दाखवावं लागतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं की अशी रूढी दाव्यात स्पष्ट मांडलेली आणि पुराव्यानं सिद्ध केलेली असली पाहिजे. नुसता फारकतीचा दस्त पुरत नाही. जातपंचायतीचा निकाल तर त्याहून कच्चा. जातीनं लग्न रद्द ठरवून बाईला दुसऱ्या लग्नाची मुभा देणं न्यायालय मानणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं १८७६ मध्येच, संभू रघू खटल्यात सांगून ठेवलं आहे.

रूढीवर विसंबायचंच असेल तर ‘आमचा विवाह रूढीनुसार संपला’ असं जाहीर करून घेण्याचा दावा लावावा लागतो. त्यात म्हातारे साक्षीदार, उलटतपासणी, सगळं आलं. नवराही राजी असताना संमतीचा घटस्फोट त्यापेक्षा कितीतरी सोपा. अनुसूचित जमातींचं मात्र वेगळं: केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा त्यांना लागूच होत नाही, त्यांच्यात रूढीच चालते. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे कायदे वेगळे, आणि गोव्यातल्या लग्नांचेही.

"पण सात वर्षं वेगळं राहिलं की आपोआप तुटतं ना?" हे आईनं विचारलं. आपोआप काहीच तुटत नाही. सात वर्षं हा आकडा बेपत्ता माणसाचा आहे: ज्याची खबर असायला हवी त्यांना सात वर्षांत तो हयात असल्याचं कळलं नाही, तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. तोही कोर्टातच. पलीकडच्या गावात दुकान चालवणाऱ्या जावयाला हा नियम लावता येणार नाही.

कागदावर विसंबून लग्न लावलंच तर काय होतं? पहिला जोडीदार हयात आणि लग्न कायम, म्हणून दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ आणि ११ प्रमाणे मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालंच नाही असं. शिवाय तो गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली (पूर्वीचं ४९४) सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पहिलं लग्न नव्या जोडीदारापासून लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. व्यवहारात खरी झळ पुढे बसते. फॅमिली पेन्शन, वारसा, परदेशी व्हिसा, विम्याचा वाद, जिथे कोणी ‘कायदेशीर पत्नी’ हा पुरावा मागतो तिथे ती अडते. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका स्त्रीला, जिचं पहिलं लग्न नुसत्या समझोत्याच्या कागदावर मोडलेलं होतं, दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगीचा हक्क दिला. चांगला निकाल आहे. पण त्यावरून ‘कागद चालतो’ असं सांगत फिरणाऱ्यांपासून सावध राहा. त्या निकालानं पोटगी दिली, समझोत्याच्या कागदाला घटस्फोट ठरवलेलं नाही.

इथवर प्रकरण सरळ होतं. गुंता पुढे निघाला: नवऱ्यानं त्याच कागदावर भरवसा ठेवून २०२३ मध्ये दुसरं लग्न केलं होतं, आणि त्याला एक मुलगी होती.

भावाला लगेच हत्यार सापडल्यासारखं झालं. पाच लाख दे, नाहीतर केस करतो. इथे आम्ही स्पष्ट विरोध केला, आणि कारण केवळ चांगुलपणाचं नव्हतं. संमतीच्या घटस्फोटात संमती जबरदस्तीनं, फसवणुकीनं किंवा दडपणानं घेतलेली नाही याची खात्री न्यायाधीशांना करावी लागते. मोबाईलवर पाठवलेला धमकीचा एक मेसेज पुढे आला तर सगळं फिसकटतं, वर खंडणीचा आरोप येतो तो वेगळाच. दुसऱ्या लग्नाची तक्रार करायचा तिला हक्क आहेच. ती पत्नीनं किंवा तिच्या वतीनं जवळच्या नातेवाइकांनीच करायची असते. तक्रार करायची तर करावी. तिचा सौदा मात्र करू नये. त्या मुलीलाही केस नको होती, सुटका हवी होती.

नवऱ्याची भीती उलट्या बाजूनं होती. अर्जावर सही केली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तो सही करायला तयार नव्हता. एरवी संमतीच्या घटस्फोटात दोघांचा मिळून एकच वकील चालतो आणि खर्चही वाचतो. इथे आम्ही त्याला स्वतःचा वकील घ्यायला सांगितलं. त्याच्या वकिलानं समजावलं ते असं: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब (संमतीचा घटस्फोट) खाली दोष कोणाचा हे सांगावंच लागत नाही. दोघं एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहतात, एकत्र नांदू शकत नाहीत, आणि लग्न संपवायचं दोघांनी ठरवलं आहे, एवढंच दाखवायचं. खोटं मात्र काही लिहायचं नाही. आणखी एक गोष्ट त्याला धक्का देणारी होती. डिक्री मिळाल्यानं त्याचं २०२३ चं लग्न मागाहून कायदेशीर होत नाही. डिक्रीनंतर त्याला दुसरीशी पुन्हा विधिवत लग्न करून नोंदणी करावी लागणार. त्याच्या मुलीला धोका नाही: कलम १६ प्रमाणे शून्य विवाहातलं मूल औरसच धरतात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्याला वाटा असतो. हे कळल्यावर घाई त्यालाच जास्त झाली.

अर्ज कुठे करायचा याला पर्याय असतात: लग्न जिथे लागलं ते ठिकाण, शेवटचं जिथे एकत्र राहिले ते, किंवा पत्नी सध्या राहते ते ठिकाण. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणात स्त्रीला कोर्ट फी माफ आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

कागदपत्रं म्हणजे लग्नपत्रिका, दोघं एकत्र असलेला लग्नातला फोटो, दोघांचे आधार आणि पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो. लग्नाची नोंदणी नसली तरी घटस्फोट अडत नाही. पत्रिका, फोटो आणि शपथपत्रावर काम होतं. फारकतनामाही जोडला, पण कसा, हे महत्त्वाचं. ‘आमचा घटस्फोट २०२२ मध्ये झाला आहे’ असं एका अर्जलेखकानं मसुद्यात लिहून ठेवलं होतं. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाकडे काय मागता, असा प्रश्न त्यावर येणारच. ते काढून ‘दिवाळी २०२१ पासून वेगळे राहतो, २०२२ मध्ये तसं लिहूनही ठेवलं’ असं केलं. तो कागद वेगळं राहण्याचा चांगला पुरावा ठरला, आणि त्याचा उपयोग तेवढाच. नावांचं आणखी एक: आधारवर माहेरचं नाव, पत्रिकेत वेगळं, बँकेत सासरचं. अर्जात ‘उर्फ’ लावून तिन्ही घातली. नाहीतर डिक्रीवरचं नाव पुढे कुठल्याच कागदाशी जुळत नाही.

मग संमतीच्या अटी. ‘दागिने परत मिळाले’ असं मोघम कधी लिहू नये. कोणता दागिना, किती ग्रॅम, कधी दिला, आणि पोहोच. रोख नको, डिमांड ड्राफ्ट, त्याचा नंबर अटींमध्येच. ‘पोटगी मागणार नाही’ असं स्टॅम्पवर लिहून दिल्यानं हक्क आपोआप संपत नसतो, म्हणून ती बाब नव्यानं बोलून ठरवली. तिनं उरलेले दागिने आणि एक एकरकमी रक्कम घ्यायचं कबूल केलं. रकमेचे दोन भाग केले: अर्धी अर्ज दाखल करताना, अर्धी शेवटच्या जबाबाच्या दिवशी कोर्टासमोर. कारण संमती डिक्रीच्या दिवसापर्यंत टिकावी लागते. मधल्या काळात कुणीही ती मागे घेऊ शकतो, आणि पूर्ण पैसे आधीच देऊन किंवा घेऊन बसलेल्यांची पंचाईत होते. आधीच्या केसेस चालू असतील तर प्रत्येकीचा नंबर घालून तिचं काय करायचं तेही इथेच लिहायचं. इथे केस नव्हती.

अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा उभं राहून ‘निर्णय कायम आहे’ असं सांगायचं असतं. हे सहा महिने माफ होऊ शकतात. अमरदीप सिंग खटल्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या कसोट्या घालून दिल्या: वेगळं राहण्याचं एक वर्ष आणि वरचे सहा महिने, म्हणजे एकूण दीड वर्ष, अर्जाआधीच उलटलेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पैसा आणि मुलांचा ताबा हे प्रश्न मिटलेले असावेत, आणि थांबण्यानं त्रासच वाढणार असावा. पहिल्या टप्प्यानंतर आठवड्यानं हा माफीचा अर्ज देता येतो. माफी देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून ती मिळत नाही. म्हणून मंगल कार्यालयाची तारीख तिच्या भरवशावर घ्यायची नाही. न्यायालयातले विवाह समुपदेशक एकदा दोघांशी स्वतंत्र बोलतात. तिथे नातेवाइकांनी मध्ये बोलू नये. या प्रकरणात माफी मिळाली.

डिक्री झाली म्हणजे काम झालं असं समजून लोक नक्कल घ्यायला जातच नाहीत. निकालपत्र आणि डिक्री, दोन्हींच्या प्रमाणित प्रती मागा, दोन-तीन संच. हातात आल्या की नाव, लग्नाची तारीख, अर्ज क्रमांक तिथेच तपासा. टायपिंगची चूक तेव्हा लवकर दुरुस्त होते, दोन वर्षांनी रेकॉर्ड रूममधून फाइल काढायला महिने जातात. कुटुंब न्यायालयानं दोघांच्या संमतीनं दिलेल्या डिक्रीवर अपील नाही, त्यामुळे पुढच्या लग्नासाठी थांबावं लागत नाही. भांडून मिळालेल्या किंवा एकतर्फी डिक्रीचं तसं नाही. तिथे अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबणं आवश्यक आहे. ती मुदत नव्वद दिवस धरायची, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे. एकतर्फी असेल तर समोरच्याला समन्स नीट बजावलं होतं का, हेही वकिलाकडून बघून घ्या.

नवं लग्न लावताना उलट टोकाची चूक होते. दुसरेपण आहे म्हणून गाजावाजा नको, चला सही करून सर्टिफिकेट घेऊ, असं होतं. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसती नोंदणी केली तर ते लग्नच होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलं आहे. चार माणसांत का होईना, विधी करा, फोटो काढा, मग नोंदणी करा. फॉर्मवर तिनं ‘घटस्फोटित’ लिहून डिक्रीची प्रत जोडायची, त्यानं ‘विधुर’ लिहून पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला. विधी नकोच असतील तर विशेष विवाह कायदा आहे: तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. ती नोटीस डिक्रीनंतरच द्यायची.

भावानं जाताना विचारलं की तो जुना कागद फाडून टाकू का. फाडू नका, अर्जाला जोडलेला आहे, मूळ प्रत डिक्रीच्या संचासोबत एकाच फाइलला लावून ठेवा.