टाळेबंदीतला मास्क जपावा का?

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत माझ्या सासूबाईंनी गणवेशाच्या उरलेल्या कापडातून शिवलेले मास्क घरात आहेत. संग्रहालयाने घ्यावेत असे त्यांचे मोल आहे का? ते कसे जपावेत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : निश्चितच आहे. १९१०-११ मध्ये ईशान्य चीनमधील मांचुरियातील फुफ्फुसाच्या प्लेगशी लढताना डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड आणि कापूस यांच्या थरांचा मास्क वापरात आणला. त्या साध्या वस्तूतून आज एका साथीचा इतिहास वाचता येतो. तुमच्या मास्कमध्ये तर गणवेश शिवणाऱ्या सोलापूरचा कामधंदाही गुंफलेला आहे, म्हणून तो धुऊन, इस्त्री करून नवा करू नका. वाकडी टीप आणि नाकाजवळचा मळकट डाग हाच खरा पुरावा होय. सर्वांत आधी कानामागचे इलॅस्टिक बिघडते : त्यातील रबर आधी चिकट, मग ठिसूळ होऊन कापडावर पिवळी खूण उमटवते, म्हणून त्याखाली आम्लरहित (कापडाला न बाधणाऱ्या) कागदाची पट्टी सरकवावी आणि मास्क घडी न घालता, उन्हापासून दूर, सपाट ठेवावा. प्लॅस्टिकची पिशवी आणि डांबरगोळ्या टाळाव्यात. मास्क कधी, कोणासाठी शिवले, हे सासूबाईंकडून आजच लिहून घ्या. त्या चिठ्ठीशिवाय संग्रहालयाच्या नोंदवहीत ते केवळ ‘कापडी मास्क’ म्हणून उरतील.