वाचकांचे प्रश्न : लायब्ररी तयार आहे, तिच्याविषयी काय लिहावे?

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात आम्ही पाण्याच्या टाकीची पातळी मोजून ती दूरच्या संगणकाला कळवणारी उपकरणे तयार करतो. हे संदेश एएसएन.१ मध्ये (संदेशाची रचना वर्णन करण्याची प्रमाण पद्धत) मांडून डीईआर नियमांनुसार (ती रचना बाइटांत कशी उतरवायची याचे नियम) एन्कोड आणि डिकोड करणारी, म्हणजे बाइटांत उतरवणारी व त्यांतून परत उलगडणारी, सी भाषेतील लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) मी लिहिली आहे. डॉक्सिजन (कोडमधील टिप्पण्यांवरून डॉक्युमेंटेशन तयार करणारे साधन) चालवून तिचे जाडजूड डॉक्युमेंटेशनही काढले, तरी लातूरच्या सहकाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. काय राहिले असावे? आणि हे सारे मराठीत लिहिले तर चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण नमुन्यादाखल पाठवलेल्या हेडर फाइलमध्ये (लायब्ररीतील फंक्शने जाहीर करणारी फाइल) मुख्य फंक्शनचे वर्णन असे आहे : ‘संदेश डिकोड करते, यशस्वी झाल्यास शून्य, अन्यथा उणे एक.’ डॉक्सिजन टिप्पण्या नीट मांडून देते. टिप्पणीत जे नाही ते त्याच्या पानांवर कोठून येणार? सहकाऱ्यांच्या बहुतेक फोनांचे मूळ या ‘अन्यथा’त असावे असे आम्हांस वाटते.

उपकरणाकडून संदेश मोडेममार्गे येतो तेव्हा तो एकसंध येईलच असे नाही. समजा, पातळी १२८ सेंटीमीटर आहे आणि संदेशात तेवढा एकच घटक आहे. तर पूर्ण संदेश हेक्समध्ये (सोळाच्या पायावरील अंकांत) ३० ०४ ०२ ०२ ०० ८० असा होतो. यातील ३० म्हणजे घटकांचा क्रम, ०४ ही त्याची बाइटमधील लांबी, पुढचे ०२ म्हणजे पूर्णांक, त्यानंतरचे ०२ ही त्या पूर्णांकाची लांबी आणि ०० ८० ही प्रत्यक्ष किंमत (हेक्समधील ८० म्हणजे १२८). यातले पहिले चारच बाइट हाती आले, तर संदेश बिघडलेला नाही, अपुरा आहे. वापरणाऱ्याने थांबायला हवे. पहिला बाइट ३० ऐवजी ३१ आला, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, संदेश टाकून द्यायला हवा. दोन्ही वेळी उणे एकच मिळत असेल, तर लातूरच्या सहकाऱ्याने काय करावे हे त्याला फोनवरच विचारावे लागणार. एएसएन.१ मधील वर्णनावरून सी कोड तयार करणाऱ्या एएसएन१सी या साधनाने तयार होणारे डिकोडर ‘जमले’, ‘आणखी हवे’ आणि ‘फसले’ असे तीन वेगळे निकाल देतात आणि सोबत किती बाइट वापरले तेही सांगतात. आपणही तसेच करावे, आणि प्रत्येक निकालापुढे तो कधी मिळतो व त्यानंतर वापरणाऱ्याने काय करायचे, हे एकेका वाक्यात लिहावे.

वरचा सहा बाइटांचा नमुना डॉक्युमेंटेशनच्या पहिल्याच पानावर द्यावा, कारण त्यातील ०० पाहून नवखा माणूस हमखास अडखळतो. डीईआरमधील पूर्णांकाचा सर्वांत वरचा बिट चिन्ह दाखवतो (तो १ असल्यास संख्या उणे), आणि ८० मध्ये तो १ आहे. म्हणून ते शून्य गाळून ३० ०३ ०२ ०१ ८० असे पाठवले, तर टाकीत उणे १२८ सेंटीमीटर पाणी असल्याचे कळेल आणि भरल्या टाकीसाठी टँकर रवाना होईल. हे दोन्ही नमुने चाचण्यांमध्येही घालावेत, म्हणजे पुढे कोणी कोड बदलला आणि डॉक्युमेंटेशन खोटे ठरू लागले, तर चाचणी तेथेच अडवील. एएसएन.१ च्या पूर्णांकाला स्वतःहून कमाल मर्यादा नसते, सी भाषेतील चलाला मात्र असते. त्यामुळे मोठी किंमत आल्यास आपले फंक्शन ती नाकारते की कापते, हेही सांगितलेच पाहिजे. (कापत असेल, तर आधी कोड दुरुस्त करावा.)

सर्वांत जास्त शब्द मेमरीवर खर्च करावेत, कारण सी भाषेत फंक्शनच्या नुसत्या स्वरूपावरून मालकी, म्हणजे जागा मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची, हे कळत नाही. डिकोड झालेले टाकीचे नाव स्वतंत्र जागेत उतरवले जाते, की पॉइंटर (जागेचा पत्ता) मूळ बफरमध्येच, म्हणजे आलेला संदेश ठेवलेल्या जागेतच, रोखलेला असतो? दुसरी पद्धत असेल, तर पुढचा संदेश त्याच बफरमध्ये येताच आधीचे नाव बदलते, आणि ही चूक चाचणीच्या टेबलावर सहसा दिसत नाही. स्वतंत्र जागा घेतली असेल, तर ती कोणी आणि कोणत्या फंक्शनने मोकळी करायची, तसेच डिकोडिंग मध्येच फसल्यास अर्धवट भरलेल्या रचनेचे काय करायचे, हे प्रत्येक फंक्शनपाशी पुन्हा लिहावे. पुनरुक्ती झाली तरी हरकत नाही, कारण हेडर फाइल सलग कोणी वाचत नाही. शिवाय अशा नावाच्या शेवटी शून्य बाइट असेलच असे नाही आणि मध्ये मात्र तो असू शकतो, ही सूचना ठळकपणे द्यावी. नावाच्या मध्ये शून्य बाइट घुसवलेली, संकेतस्थळांची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे काही प्रोग्रॅमना फसवू शकतात, हे २००९ साली सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले होते. लांबी न पाहता, शून्य बाइट दिसताच थांबणाऱ्या सीच्या नेहमीच्या स्ट्रिंग फंक्शनांवर विसंबल्याचा तो परिणाम होता.

मराठीविषयी : हेडरमधील टिप्पण्या इंग्रजीत राहू द्याव्यात, कारण कोड उद्या कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. लायब्ररी कशी जोडावी आणि पहिला संदेश कसा वाचावा, ही चार पानांची मार्गदर्शिका मात्र मराठीतच लिहावी. ती वाचणारे आपले सहकारी फोनवर मराठीतच विचारत आहेत.

प्रश्न : अशा लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मूळ मानकाचे नियमही समजावून सांगावेत का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही. बीईआर (डीईआर ज्यावर आधारलेले आहे ते अधिक सैल नियम) आणि डीईआरचे नियम एक्स.६९० या मानकात आहेत आणि ते आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. आपण त्याची कोणती आवृत्ती धरली ते नोंदवावे आणि लायब्ररी काय करीत नाही ते मोकळेपणाने लिहावे. उदाहरणार्थ, बीईआरमध्ये लांबीच्या जागी ८० देऊन ती अनिश्चित ठेवता येते आणि शेवट ०० ०० ने दाखवला जातो. डीईआरमध्ये याला मुभा नाही. आपला डिकोडर असा संदेश नाकारतो की स्वीकारतो, आणि एकात एक किती पातळ्यांपर्यंतच्या रचना उलगडतो, ही माहिती मानकात कोठेही सापडणार नाही, ती आपणच द्यायची आहे.