अंगणातल्या सिमेंटच्या वाटेला तडे गेलेत. चार-पाच हजारांत दुरुस्ती होईल का?

होईल. तुम्ही लिहिलंय की फाटकापासून ओसरीपर्यंत 40 फूट लांब, 3 फूट रुंद वाट आहे, जमीन भारी काळी आहे, पाच वर्षांत सात-आठ तडे पडले आणि मिस्त्री म्हणतो, "सगळं फोडा, नवीन पक्कं करून देतो." मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा शेतकरी आहे, मिस्त्री नाही. पण आमची वाट अशीच होती आणि मी ती दोनदा दुरुस्त केली. पहिल्यांदा पैसे पाण्यात गेले, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी हे सांगतो की सगळी वाट फोडू नका. त्याच मातीवर त्याच पद्धतीनं नवीन टाकली तर तीही तडकेल. दोष सिमेंटचा कमी आणि खालच्या मातीचा जास्त असतो. आपली काळी माती बेसाल्ट दगडातून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात वावरातल्या भेगांत हात जातो, तेव्हा आपण म्हणतो जमीन चांगली तापली. तीच माती वाटेखालीही आहे, फक्त दिसत नाही. वाटेच्या कडेची माती आधी भिजते-वाळते, मधली मागाहून. एक बाजू उचलली जाते, दुसरी बसते आणि 4 इंचांचं काँक्रीट मधेच तुटतं. (भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात माती वेगळी असते, तिकडच्या कुणी वाचत असेल तर हे जसंच्या तसं लावू नये.)

माझी पहिली चूक म्हणजे मी भर मे महिन्यात तडे बुजवले. शेतीची कामं नव्हती, वेळ होता. निव्वळ सिमेंट पाण्यात कालवून पातळ घोळ केला आणि भेगांत ओतला. त्या वेळी माती आक्रसलेली असल्यामुळे भेगा सगळ्यात रुंद होत्या. जुलैत माती फुगली, भेगा मिटायला लागल्या आणि मधे भरलेलं कडक सिमेंट अडलं. दोन ठिकाणी कडा फुटून वर आल्या, बाकीचं सिमेंट पोळीच्या पापुद्र्यासारखं निघालं. तेव्हा हे काम दिवाळी ते संक्रांत या काळात करा. त्या दिवसांत माती फार ओली नसते, फार कोरडीही नसते, आणि ऊनही झेपण्यासारखं असतं.

तोवर फुकटात होणारं काम करून घ्या. पाणी कुठून येतं ते बघा. आमच्याकडे टिनाच्या वळचणीचं पाणी थेट वाटेच्या कडेला पडायचं आणि न्हाणीचं सांडपाणी तिथूनच जायचं. सगळ्यात मोठा तडा बरोबर तिथंच होता. वळचणीला अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप बांधला, न्हाणीची नाली वाटेपासून चार फूट दूर वळवली. वाटेला लागून जास्वंदीची आळी होती, तीही हलवली. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतला अर्धा फायदा या कामातून झाला, आणि मिस्त्री यातलं काहीच सांगत नाही, कारण त्यात त्याची मजुरी नाही.

मग हातोडी घेऊन वाटेवरून ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर खाली भर आहे. बद्द आवाज आला, किंवा पाय दिल्यावर तुकडा हलला, तर खालून पोकळ झालंय. असे तुकडे वेगळे खुणा करून ठेवा. आणि प्रत्येक तड्यावर आडवी पेन्सिलीची रेघ मारून रुंदी आणि तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत रुंदी बदलली नाही तर तो तडा मेलेला, बदलली तर जिवंत. दोघांचं औषध वेगळं आहे. केसाएवढ्या भेगांना हातही लावू नका.

मेलेल्या तड्याला छन्नीनं अर्धा इंच रुंद, इंचभर खोल खाच पाडा. सगळी धूळ तारेच्या ब्रशनं काढून धुवा आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी पाणी साचलेलं नको, पण काँक्रीट ओलं हवं. कोरडं राहिलं तर ते नव्या मालातलं पाणी ओढून घेतं. सिमेंटचा घोळ ब्रशनं खाचेत लावा आणि तो वाळायच्या आत 1 भाग सिमेंट, 3 भाग चाळलेली रेती असा घट्ट माल थापीनं दाबून भरा. दुकानात एसबीआर लॅटेक्स म्हणून पांढरं दूध मिळतं. त्याचा लिटरभर डबा घोळात नि मालात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा. मी त्या पैशांसाठी आधी कुरकुरलो होतो, आता नाही.

जिवंत तड्यात कडक काहीच भरू नका. पीयू सीलंटच्या (रबरासारखा ताणला जाणारा भराव) नळ्या मिळतात, चांगल्या असतात, पण 40 फुटांच्या वाटेला महाग पडतात. मी डांबर गरम करून त्यात बारीक कोरडी रेती मिसळली आणि कोरड्या, साफ भेगेत भरली. पातळी जरा खालीच ठेवा आणि वरून क्रशरची चुरी पेरा, नाहीतर एप्रिलमध्ये चपला चिकटतात आणि घरभर काळे ठसे उमटतात. डांबर घरापासून, गंजीपासून लांब, मंद आचेवर तापवा. गरम डांबरात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळतं, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

हलणारे तुकडे मात्र काढावेच लागतील. माझे दोन निघाले, प्रत्येकी 4 फुटांचे. खालची काळी माती 9 इंच खोदून काढली आणि मुरूम भरला. एकदम नाही, तीन-तीन इंचांचा थर, प्रत्येक थर ओलसर करून धुमसानं चोपला. या कामात घाई केली की बाकी सगळं वाया जातं. वर 4 इंच काँक्रीट: 1 सिमेंट, 2 रेती, 4 गिट्टी. 3 बाय 4 च्या एका तुकड्याला साधारण पाऊण बोरी सिमेंट लागतं. पाणी बोरीमागे 25 ते 28 लिटर, रेती ओली असेल तर आणखी कमी. मजूर पाणी वाढवायला बघतात, कारण पातळ माल पसरवायला सोपा. मी सांगून ठेवलं होतं, झुणका हवाय, वरण नको. नवा तुकडा जुन्याला चिकटू नये म्हणून मधे खताच्या रिकाम्या थैलीची घडी उभी लावली, तोच सांधा झाला. 3 फुटांच्या रुंदीत पाऊण इंच उतार ठेवा, तोही घराच्या उलट बाजूला.

पुढे किमान दहा दिवस बारदाना अंथरून तो ओला ठेवा. सकाळी एकदा पाणी मारून वावरात निघून गेलात तर दुपारपर्यंत सगळं कोरडं ठक्क होतं, घरातल्या कुणाला तरी दुपारचं काम नेमून द्या.

मला दोन बोऱ्या सिमेंट, पंधरा-सोळा घमेली गिट्टी, नऊ-दहा घमेली रेती (शेजारच्या बांधकामातून उरलेली मिळाली), मुरमाची एक ट्रॉली आणि एका माणसाची दोन दिवसांची मजुरी लागली. पाइप, डांबर, लॅटेक्स धरून साडेचार हजारांच्या आत बसलं. उरलेला मुरूम वाटेच्या दोन्ही कडांना फूटभर पसरून चोपला, म्हणजे कडेची माती एकदम वाळत नाही.

रंग मात्र जुळणार नाही. काम झाल्यावर आई म्हणाली, "हे वाट होय का वाकय?" (वाकय म्हणजे वाकळ, ठिगळांची गोधडी.) तीन पावसाळे झाले, ठिगळं जागच्या जागी आहेत. कडुनिंबाजवळ एक तडा पुन्हा उघडलाय. तिथं मुळं पाणी ओढतात म्हणून माती जास्त वाळते. मोठं मूळ तोडू नका म्हणून ज्यानं त्यानं सांगितलं, मीही तोडलं नाही. तिथं दिवाळीनंतर पुन्हा डांबर भरीन.